फुगडीतलं कोपर

खानदेशात कानबाई देवीच्या मिरवणुकीत फुगडी रंगली की लोक पाय बघतात. फुगडीत मुरलेली बाई कोपर बघते.

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी वाजतगाजत निघते. जळगावात मेहरूणच्या तलावाकडे, धुळ्यात पांझरा नदीकडे. या वाटेवर उभा जन्म फुगड्या घातलेल्या जळगावच्या एका काकूंचा डावा गुडघा आता साथ देत नाही. म्हणून त्या पुतणीला तयार करताहेत. पोरगी चपळ आहे, पण वेग आला की तिचं कोपर वाकतं.

सगळं घोडं तिथंच पेंड खातं. कोपर वाकलं की दोघी जवळ ओढल्या जातात, फेरा आवळतो आणि गुडघ्यावर गुडघा आदळतो. हात दोरीसारखे ताणलेले हवेत, बाकी भार मागे टाकून द्यायचा. त्यातून काकू अंगाने भरलेल्या, पुतणी किरकोळ. दोघींचा मिळून तोल मधोमध राहायचा तर हलकीने जास्त मागे जायला हवं, जड बाईने कमी. पुतणीला नेमकं उलट वाटतं. काकू ओरडतात, ‘‘टाक ना वं माय अंग मागे, मी धरेल शे!’’

बॅलेतल्या जोडनाचालाही हेच कोडं पडलेलं आहे. १८९० साली सेंट पीटर्सबर्गला नृत्यदिग्दर्शक पेतिपांनी ‘स्लीपिंग ब्यूटी’ बसवलं. त्यात राजकन्या एका पायाच्या टोकावर उभी राहते, चार राजपुत्र आळीपाळीने हात देऊन तिला फिरवतात, आणि मध्ये हात सुटला तरी ती ढळत नाही. तिचा तोल तिच्याच पायावर राखणं, हे तिथलं पुरुषाचं कसब. पुढे १९५७ साली न्यूयॉर्कमध्ये बॅलन्शिन यांनी ‘अगॉन’ या बॅलेत डायना अ‍ॅडम्स आणि आर्थर मिचेल यांना तोल मोडून परस्परांच्या ओढीवर नाचवलं, तेव्हा प्रेक्षक चकित झाले. आपल्या बायका ही ओढ अंगणात शिकतात.

मिरवणुकीतल्या डीजेवर काकूंचा भारी राग. फुगडी गाण्याबरोबर हळूहळू चढायला हवी. डीजे पहिल्याच ठोक्याला पळायला लावतो. त्यांचं म्हणणं रास्त आहे. मात्र यंदा बायका फुगडीसाठी पुतणीपुढे रांग लावून उभ्या राहिल्या, तेव्हा काकूंना ते लागलं. तो मान इतकी वर्षं त्यांचा होता, आणि तो हवासा वाटतो हे त्या लपवत नाहीत.

पुतणीचं कोपर आता सरळ राहतं. अडतं थांबताना. दोघींनी एकदमच अंग उचलायला हवं. ती आधी सरळ होते आणि काकू मागे जातात.