काळा दगड, एक स्टॉप उणे

परवा भाचा वेरूळहून आला आणि फोटो दाखवू लागला. रेघा धारदार, सगळं लख्ख. पण कैलास लेणं राखेसारखं दिसत होतं. सेटिंग काय होतं, विचारलं. "ऑटो, मामा."

कॅमेऱ्यातला मीटर बिचारा समोर जे येईल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे, असं धरून उजेड मोजतो. म्हणून तो काळ्या कातळाला उजळवतो आणि दिवे घाटातल्या वारकऱ्यांची पांढरी धोतरं मळवतो. काळ्यासमोर एक स्टॉप उणे, पांढऱ्यासमोर एक स्टॉप अधिक. प्रवासाला निघताना बोटांना एवढं ठाऊक असलं तरी पुष्कळ.

बाबांच्या आग्फा क्लिक थ्रीला मीटरच नव्हता. १२० चा रोल, १२ फोटो. भिंगापाशी एक छोटी पट्टी, तिच्यावर सूर्य आणि ढग. बाबा आभाळाकडे बघायचेच नाहीत, जमिनीकडे बघायचे. आपल्या सावलीची कड रेखीव असेल तर सूर्य, विरघळलेली असेल तर ढग. वेरूळला पोचलो तेव्हा अकरा फोटो संपले होते, बहुतेक सगळे देवगिरीवर. उरलेला एक कैलासासाठी. बाबा अंगणात कितीतरी वेळ फिरले. शेवटी जोत्यावरच्या हत्तींच्या रांगेपाशी, सावलीत, आईला उभं केलं. पट्टी ढगावर सरकवली, कॅमेरा छातीशी घट्ट धरला, श्वास रोखला. "हलू नकोस गं." नेमका त्याच वेळी मी एका पायरीवरून घसरलो आणि आईनं माझ्याकडे हात टाकला. खट्ट.

पंधरा दिवसांनी फोटो धुऊन आले. हत्तींच्या तुटक्या सोंडा स्पष्ट. आईचा चेहरा पुसलेला, हातातल्या बांगड्यांच्या नुसत्या पांढऱ्या रेघा, आणि तिच्या मागे अंधार, अगदी खोल, आठव्या शतकात वरून खाली खोदत आणलेल्या त्या कातळाचा. बाबा हळहळले. आईनं तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर लावला. तिचा दुसरा कुठलाही फोटो मला इतका तिच्यासारखा वाटत नाही.

अंधार उजळून टाकायची घाई मला अजूनही सोसत नाही. अजिंठ्यात फ्लॅशला मनाई आहे ती रंग जपण्यासाठी, पण मनाई नसती तरी मी तो लावला नसता. आयएसओ ३२०० करावा, खांबाशेजारी पाय रोवावेत, कोपर बरगड्यांना टेकवावेत. फोटोत दाणे येतात, येऊ द्यावेत. पद्मपाणीचे अर्धे मिटलेले डोळे त्या दाण्यांतूनही बघतात. समईच्या उजेडात व्हाइट बॅलन्सही ऑटोवर नको. तो पिवळेपणा फिका करतो आणि गाभाऱ्यात ट्यूबलाइट लावल्यासारखं होतं. डेलाइटवर ठेवावा, म्हणजे पिवळं पिवळं राहतं.

भाचा पुन्हा जाणार आहे. तुम्हीही जाणार असाल तर मंगळवार टाळा, वेरूळ बंद असतं. आणि दुपारी तीननंतर जा. कैलासाचं तोंड पश्चिमेला आहे.