टाचेला हात न लावता

क्लबफूट असलेल्या बाळाचा पाय सरळ करताना टाचेला हात लावायचा नसतो. फिजिओथेरपीच्या नव्या विद्यार्थ्यांना हे लवकर पटत नाही. पाऊल आत वळलेलं, तळवा वर आलेला, टाच आत आणि वर ओढलेली. बघणाऱ्याला सगळ्यात वाकडी दिसते ती टाचच, म्हणून हात आपसूक तिच्याकडे जातो. पोन्सेटी नावाच्या डॉक्टरांची पद्धत म्हणते, हात तिथून काढा. अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या अंगाला, टॅलस नावाच्या हाडाच्या डोक्यावर टेकवा आणि दुसऱ्या हाताने पुढचं पाऊल हळूहळू बाहेर न्या. टाच मोकळी राहिली तर स्वतःहून फिरते. तिला धरून ठेवलं, तर तिथेच अडकते.

पहिलं प्लास्टर तर आणखी चमत्कारिक. आत वळलेला पाय बाहेर आणायचा, पण सुरुवातीला पुढचं पाऊल वर उचलून तळव्याची खोल कमान आधी सपाट करायची. पहिल्या प्लास्टरनंतर पाय आधीपेक्षा जास्तच वाकडा दिसतो. आईचा चेहरा पडतो. तिला बसवून समजावून सांगावं लागतं. पुढे पाच ते सात दिवसांनी प्लास्टर बदलत जायचं. बहुतेक बाळांचं काम पाच-सहा प्लास्टरांत होतं.

हे काम मी मिरजेत करते. एक महिना ते केनियात, किजाबेला जाऊन केलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याला ‘मिशनवर गेली होती’ असं म्हणतात आणि ते ऐकलं की मला अवघडल्यासारखं होतं. त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. मी नगरची, चौथ्या पिढीतली ख्रिस्ती. घरात कोणी आलं की ‘सलाम’ म्हणायचं, रविवारी उपासनेला जायचं, आणि मिशनरी म्हणजे काय ते कबरस्तानातल्या दगडांवर वाचायचं, अशात वाढले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईला उतरले, 1831 मध्ये नगरला आले. सिंथिया फरार 1827 मध्ये आल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. आयुष्यभर मुलींच्या शाळा चालवल्या. सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असं सांगतात. मिरजेला डॉ. वानलेस आले ते जवळजवळ चार दशकं राहिले. या माणसांनी मराठी शिकून घेतली, इथल्या पटकी-प्लेगात उभी राहिली, कित्येकांची लेकरं इथे पुरली गेली. त्यांच्या कामावर टीका करायलाही भरपूर जागा आहे आणि आमच्याच घरात ती होत आली आहे. पण परतीचं तिकीट खिशात ठेवून, पीतज्वराची लस टोचून, महिन्याभरासाठी गेलेल्या बाईला तोच शब्द लावायचा म्हणजे जरा जास्तच होतं.

किजाबे नैरोबीच्या वायव्येला, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर आहे. उंची दोन हजार मीटरच्या वर. समोर दरी, दरीत लोंगोनोटचा ज्वालामुखी. इथे 1915 पासून मिशनचं इस्पितळ आहे, आणि 1998 पासून त्याच आवाराशेजारी मुलांच्या हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी वेगळं. मी गेले जुलैमध्ये. आफ्रिका म्हणजे ऊन, ही समजूत पहिल्याच सकाळी धुक्यात गेली. तिथल्या बाया बाळांना लोकरीच्या टोप्या घालून आणत. प्लास्टरवाल्यांसाठी थंडी ही गंभीर गोष्ट असते. पाणी गार असलं तर प्लास्टर उशिरा धरतं आणि तेवढा वेळ बाळ हलणार. गरम असलं तर इतकं लवकर धरतं की हात घडवायच्या आत संपलं. शिवाय पूर्ण वाळायला दमट हवेत वेळ लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात हाच त्रास. ऊन पडलं की व्हरांड्यात बायांची रांग, प्रत्येकीच्या मांडीवर मांडीपर्यंत पांढरं झालेलं एक बाळ. हातात चहाचा मग, चपातीची गुंडाळी. ही चपाती हिंदुस्थानी माणसांबरोबर त्या देशात गेली. त्यातले हजारो जण रेल्वे बांधायला आले होते आणि तो जुना मार्ग किजाबेच्या याच उतारावरून जातो.

तिथे प्लास्टर करणाऱ्या मुख्य तंत्रज्ञाला सगळे म्वालिमू म्हणत, म्हणजे गुरुजी. मीही तेच म्हणू लागले. पन्नाशीचे, बुटके, फार कमी बोलणारे. मी गेले होते शिकवायला. निदान मंडळीने वर्गणी काढून तिकीट दिलं, तेव्हा पत्रात तसं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं की त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. ते कापूस इतका पातळ गुंडाळत की प्लास्टरवरून घोट्याचा आकार दिसावा. कापूस जाड झाला की आतल्या आत पाय निसटतो. गुडघा काटकोनात वाकवून, प्लास्टर मांडीपर्यंत न्यायचं ते त्यासाठीच. नाहीतर चार दिवसांत ते खाली सरकतं, बोटं आत गडप होतात आणि आठवडा वाया. म्वालिमू प्रत्येक आईला बोटं मोजायला शिकवत. रोज सकाळी पाचही दिसली पाहिजेत, दाबून सोडली की पुन्हा गुलाबी झाली पाहिजेत. दुसरा त्यांचा नियम, बाळ भुकेलं असेल तर कामाला सुरुवात नाही. प्लास्टर चढत असताना बाळ आईच्या अंगावर पीत असलं पाहिजे. रडणाऱ्या बाळाचा पाय ताठतो, आणि ताठलेल्या पायावर जोर लावून जे मिळतं ते खरं नसतं.

या पद्धतीचा इतिहासही असाच, थांबून राहण्याचा आहे. इग्नासिओ पोन्सेटी स्पेनमधल्या मिनोर्का बेटावरचे. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने सैन्याचे डॉक्टर होते. पराभवानंतर जखमींना घेऊन पिरेनीज ओलांडून फ्रान्सला, तिथून मेक्सिकोला आणि 1941 मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचले. त्यांनी आपले निष्कर्ष 1963 मध्ये छापले, पण जगभरच्या शल्यचिकित्सकांनी नव्वदीपर्यंत त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मोठी चिरफाड केली की पाय टेबलावरच सरळ दिसतो. हा मोह डॉक्टरांना असतो, नातेवाइकांनाही असतो. चिरलेले पाय पुढे ताठर आणि दुखरे होतात, हे कळायला मुलं मोठी व्हावी लागली. पोन्सेटी 2009 मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तोवर जग त्यांच्या वाटेवर आलेलं होतं.

आता महिन्याचा हिशेब मांडते. पहिल्या आठवड्यात सुरू केलेलं बाळ महिनाअखेरीस फार तर शेवटच्या प्लास्टरला येतं. त्यानंतर बहुतेकांची टाचेची आखडलेली शीर बारीक पात्याने, भूल तिथल्या तिथे देऊन कापायची. मग तीन आठवडे आणखी एक प्लास्टर, तेवढ्यात शीर पुन्हा जुळून येते. आणि खरा उपचार त्यानंतर सुरू होतो. दांडीला जोडलेले बूट, पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग मूल चार-पाच वर्षांचं होईतो रोज झोपताना. बूट सुटले की पाय परत आत वळतो. म्हणजे मी तिथे ज्या बाळांना हात लावला, त्यांतलं एकही मला चालताना दिसणार नव्हतं. बूट मी क्वचितच चढवले. कित्येकांची सुरुवातही दुसऱ्या कोणीतरी केलेली. महिन्याभराच्या माणसाच्या वाट्याला मधलं काम येतं. ते करताना चोख नोंद ठेवावी लागते. प्रत्येक पायाचे पिरानी गुण, म्हणजे वाकडेपणाचं माप, कोणत्या प्लास्टरला किती अंश बाहेर आला, कातडीवर लाली होती का. पुढच्या माणसाला तुमचा चेहरा आठवणार नाही, त्याला ते अक्षर लागणार. त्या वह्या लिहिताना पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र डोक्यात यायचं. एकाने लावलं, दुसऱ्याने पाणी घातलं, या अर्थाचं तो लिहितो. लहानपणी तो भाग मला नम्रतेचा उपदेश वाटे. आता तो मला कामाची वाटणी वाटतो.

सकाळी कामाआधी प्रार्थना असे. वाद्य नाही, चार सुरांत गाणं, मग कोणीतरी ‘ब्वाना असिफिवे’, प्रभूची स्तुती असो, म्हणे आणि सगळे ‘आमेन’. देवाचं नाव घ्यायला तिथे कोणी लाजत नव्हतं. शीर कापण्याआधी म्वालिमू बाळाच्या पायावर हात ठेवून स्वाहिलीत प्रार्थना करत. एकदा मी शेजारच्या नर्सला विचारलं, ते एवढा वेळ काय मागतात? तिने सांगितलं, ते बाळाचं नाव घेतात, आईचं घेतात, मग घरी जायची वाट, मटाटूचं म्हणजे वडापच्या गाडीचं भाडं, सासूने बूट काढून टाकू नयेत, बापाचं मन टिकून राहावं, हे सगळं सांगतात. मी इतकी वर्षं प्रार्थना करत आले होते ती हाताला यश दे एवढीच. प्लास्टर सुकलं की माझी प्रार्थना संपायची. म्वालिमूंची तिथून सुरू व्हायची. विश्वास वाढला म्हणतात तो काय, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे. उपास केले नाहीत, दर्शन झालं नाही. मागण्याची लांबी वाढली.

आया मात्र दुसरंच विचारत. मी काय केलं होतं म्हणून? मिरजेतही हाच प्रश्न येतो, ग्रहणात विळी हाती घेतली होती का, इथपासून. तिकडे शाप असतो, शेजारणीची नजर असते. साधारण हजारात एका बाळाला हे होतं, बहुतेकांत नेमकं कारण सापडत नाही, ग्रहणाने किंवा नजरेने तर मुळीच होत नाही, हे मी सांगते आणि ती मान हलवते, पण पटलेलं नसतं. तिथले चॅपलन, म्हणजे इस्पितळाचे पाळक, योहानाच्या नवव्या अध्यायातली गोष्ट सांगत, जन्मांध माणसाची. पाप कोणाचं, याचं की आईबापांचं, असं शिष्य विचारतात. संडे स्कूलपासून मला ती चमत्काराची गोष्ट म्हणून माहीत. येशू आधी तो प्रश्नच मोडीत काढतो आणि डोळ्यांना हात नंतर लावतो, हा क्रम मला त्या व्हरांड्यात दिसला. एक बाई ऐकताना रडली नाही, हसली नाही, फक्त बाळाची टोपी नीट केली.

परतल्यावर मंडळीत साक्ष द्यायची होती. उपासनेनंतर एका काकांनी विचारलं, तिकडे रोग्यांजवळ प्रार्थना करत होतीस, मग इथे का करत नाहीस? प्रश्न रास्त आहे. किजाबेला सोमाली मुसलमान आयाही येत. चॅपलन आधी विचारत, एकीने नको म्हटलं, ते मान डोलावून तिच्या प्रवासाची चौकशी करत बसले. त्यांना ते जमत होतं कारण नको ऐकायची त्यांची खरी तयारी होती, आणि प्लास्टर करणारा माणूस वेगळा होता. मिरजेत ते दोन्ही हात माझेच. जिच्या बाळाचा पाय माझ्या अंगठ्याखाली आहे, ती बाई मला नको म्हणू शकत नाही. ती हिंदू असो, मुसलमान असो, हो म्हणेल, आणि त्या ‘हो’ला किंमत नाही. म्हणून मी मनात मागते. बूट सुरू झालेल्या आयांना रात्री फोन करते, हे मात्र तिकडून आल्यावर सुरू केलं. पहिले दोन आठवडे बाळ बुटांत झोपत नाही, त्याच वेळी बहुतेक घरांत ते माळ्यावर जातात. काकांचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते हे समाजकार्य झालं, सुवार्ता नव्हे. आमचा वाद चालू आहे.

पुढच्या वर्षी आणखी कोणाला पाठवायचं का, असं मंडळीच्या बैठकीत निघालं. माझ्या तिकिटाच्या पैशांत किती जोड बूट आले असते, हा हिशेब मी जाण्याआधीच केला होता आणि तो अजून मला टोचतो, तेव्हा मी चटकन हो म्हटलं नाही. म्हटलं, पाठवा, पण हाताला कौशल्य असलेला माणूस पाठवा, फोटो काढणारा नको, आणि तेवढेच पैसे उलट्या प्रवासासाठी बाजूला काढा. म्वालिमूंना मिरजेची ओपीडी पाहायची आहे. पावसाळ्यात आम्ही प्लास्टर कसं वाळवतो, हे त्यांनी मला दोनदा विचारलं होतं. खजिनदारांनी मुद्दा लिहून घेतला आहे.