पालखीतला खंड्या

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, त्या संगम माहुलीत छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे. तिथेच एक समाधी कुत्र्याची. खंड्या त्याचे नाव. शिकारीत वाघाशी गाठ पडली तेव्हा या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला. त्यांनी उपकार फेडले ते राजाला शोभेल अशा रीतीने. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद निघाली, त्याला पालखीचा मान मिळाला आणि पालखीचा सगळा सरंजाम दरबाराने निमूटपणे सांभाळला.

सिल्वासाच्या आसपासच्या पाड्यांवर ही गोष्ट सांगितली तर कोणी हसणार नाही. वारली समाज वाघाला देव मानतो, त्यामुळे वाघाच्या पुढ्यातून धन्याला सोडवणाऱ्या जनावराची किंमत त्याला समजावून सांगावी लागत नाही. शिवाय सिल्वासा ज्या नगर हवेलीत आहे ती १७८३ मध्ये पोर्तुगिजांच्या ताब्यात गेली ती मराठ्यांकडूनच. खंड्याचा काळ त्याच्या पिढी-दीड पिढी आधीचा.

मात्र खंड्या इतिहासात गाजला तो वाघामुळे कमी आणि एका दरबारामुळे जास्त. दोन मराठा सरदार भेटीला आले होते. महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख चढवला, अंगभर दागिने घातले आणि स्वतःचे पागोटे त्याच्या डोक्यावर ठेवले. पुढे त्यांनी स्वतःच्या डोक्यावर पुन्हा काहीच घातले नाही. साताऱ्यात इंग्रजांचा रेसिडेंट राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे लिहिले आहे आणि त्याने हा प्रसंग राजाच्या बुद्धिभ्रंशात जमा केला आहे. धाकटी राणी सगुणाबाई गेल्याच्या दुःखाने महाराजांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, असे तो म्हणतो.

मराठी परंपरा हीच गोष्ट वेगळी सांगते. दागदागिन्यांचा दिमाख मिरवत येणाऱ्या सरदाराची खोड मोडायची होती, म्हणून महाराज साधे राहिले आणि कुत्र्याला नटवले. एकाला वेड दिसले, दुसऱ्याला मार्मिक विनोद. दुःखात बुडालेल्या माणसाच्या वागण्याचा अर्थ बाहेरचे लोक असाच आपापल्या परीने लावतात.

महाराजांच्या वाट्याला आलेली माणसांची ताटातूट मोजली तर डफचे म्हणणे सगळेच उडवून लावता येत नाही. १६८९ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, वडील संभाजीराजे गेले. त्याच साली ते मोगलांच्या कैदेत पडले आणि सुटले १७०७ मध्ये. आई येसूबाई परत आल्या त्या १७१९ ला. १७४० मध्ये राजवाड्याचा कारभार पाहणाऱ्या विश्वासू बिरूबाई गेल्या, १७४८ मध्ये सगुणाबाई. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराजांनीही डोळे मिटले.

शोक अडकून राहतो, ही गोष्ट आता वैद्यकशास्त्रानेही मान्य केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणात ‘लांबलेला शोक’ वेगळा नोंदला आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ ओढ आणि वेदना तितकीच तीव्र राहिली, रोजचे जगणे ठप्प झाले आणि हे सारे आपल्या समाजाच्या रीतीपलीकडे गेले, तर ते मदत घेण्याजोगे दुखणे आहे.

हे दुःख कुत्र्यांनाही चुकत नाही. इटलीत ४२६ जणांना, घरातल्या दोन किंवा अधिक कुत्र्यांपैकी एक गेल्यावर मागे उरलेला कसा वागला, ते विचारले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ८६ टक्के मालकांनी फरक पडल्याचे सांगितले: खेळणे कमी, खाणे कमी, झोप जास्त, सतत माणसाच्या मागे मागे. धन्याचे दुःख जितके मोठे, तितके कुत्र्याचे खाणे कमी आणि भीती जास्त, असेही त्यात आढळले.

सिल्वासाच्या औद्योगिक वसाहतींत खानदेशापासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसे राहतात. कोणी गेले की गावी धाव घ्यायची, दिवसकार्य उरकायचे आणि पुन्हा कारखान्याच्या पाळीवर हजर व्हायचे. रडायला सवड आणि सोबत दोन्ही मिळत नाहीत. अशा घरात कुत्रे-मांजर असेल तर त्याच्या जेवणाची आणि फिरण्याची वेळ मोडू देऊ नये. जनावराला त्याने आधार मिळतो आणि माणसालाही अंथरुणातून उठावे लागते. कोणी त्या कुत्र्याशी तासन्‌तास बोलत बसला, त्याचे अती लाड करू लागला, तर त्याची थट्टा करू नये.

पण सगळा भार मुक्या जनावरावरही टाकू नये. महिनोन्‌महिने जेवण, झोप, काम काहीच रुळावर येत नसेल, तर सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात दाखवावे. बाहेर पडण्याचे बळ नसेल तर १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ला फोन करावा. सरकारची ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते.