आडून घेतलेले नाव

वऱ्हाडातील जुन्या घरांत दिवा विझत नसे, त्याला निरोप दिला जाई. बांगडी फुटत नसे, ती वाढे. तिन्हीसांजेनंतर परसात साप निघाला तर त्याला नुसते 'जनावर' म्हणावयाचे. आणि अंगावर फोड उठलेल्या लेकराच्या उशाशी बसलेली माउली 'देवी आल्या' एवढेच बोलून हात जोडी. घरधन्याचे नाव तर वर्षातून एखाद्या मंगलप्रसंगी, तेही उखाण्याच्या आडोशाने, ओठांवर येई. एरवी 'आमच्या घरचे' किंवा 'थोरल्याचे बाबा' यावर संसार पार पडे. ह्या रीतीमागे भय होते हे मला मान्य आहे, आणि ते भय केवळ आपलेच होते असेही नाही. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'चे नाव रंगमंदिरात उच्चारावयाचे नाही म्हणून इंग्रज नटमंडळी त्याला 'ते स्कॉटिश नाटक' म्हणत आली आहेत. परंतु ज्या वस्तूवर आपला जीव जडला आहे तिला उघड्या शब्दाचा धक्का लागू नये, ही कोवळीक त्या भयाहून मोठी होती, असे मला मनापासून वाटते.

कचेरीतील आडवळण मात्र निराळ्या जातीचे. निजामाच्या अमलाखालून 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले, तरी दप्तराची जबान फारसी वळणाचीच राहिली. त्या कागदांत एकदा नाव आले की पुढे 'सदरहू इसम' आणि 'मौजे मजकूर' एवढ्यावर भागे. पुरुष 'वल्द' अमुक म्हणून बापाच्या आणि स्त्री 'जौजे' अमुक म्हणून नवऱ्याच्या नावाने ओळखली जाई. जिने ज्याचे नाव जन्मभर तोंडाने घेतले नाही, त्याच्याच नावाच्या आधारावाचून तिला सरकारी कागदावर उभे राहता येऊ नये, हे मला आजही दुःखदायक वाटते.

आणि तरीही सूचकतेचे हे वाण ह्याच भूमीत फार जुने आहे. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली येथेच सापडलेल्या विंध्यशक्ती द्वितीयाच्या ताम्रपटात, अर्ध्या संस्कृत व अर्ध्या प्राकृत मजकुरात, ह्या नगरीचे नाव कोरलेले आहे. ह्या विंध्यशक्तीचा पिता सर्वसेन, शाखेचा मूळपुरुष, चौथ्या शतकातला राजा आणि कवी. रुसलेल्या सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणल्याची कथा त्याने 'हरिविजय' नामक प्राकृत काव्यात गुंफली. पुढे नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' लिहून, काव्याचा प्राण उच्चारलेल्या अर्थात नसून सुचविलेल्या अर्थात असतो, हा सिद्धांत मांडला, तेव्हा दूरच्या वत्सगुल्मातील ह्या राजाचे वसंतवर्णन त्याला उदाहरणास घ्यावेसे वाटले, आणि रसाला अनुकूल असे वळण मूळ कथेला देणाऱ्या कवींमध्ये कालिदासाबरोबर सर्वसेनाचेही नाव त्याने गौरवाने घेतले. राजशेखराने तर 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाहच मुळी विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावून दिला! वाशीमच्या पद्मतीर्थाच्या परिसरात फिरताना ह्या कल्पित लग्नाची आठवण मला नेहमी होते, आणि वधूने तेव्हा कोणता उखाणा घेतला असेल, असा विचार मनात येतो.

आज 'हरिविजय' समग्र उपलब्ध नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज, हेमचंद्र अशा पंडितांनी वेळोवेळी केलेल्या उल्लेखांतून आणि उद्धृत केलेल्या गाथांतून जेवढे हाती लागते तेवढेच त्याचे दर्शन. सूचितार्थाची महती ज्याच्या श्लोकाने सिद्ध केली गेली, तो कवी आपल्यापर्यंत दुसऱ्यांच्या निर्देशांतूनच पोहोचला.

राजाला निदान उद्धृत करणारे भेटले. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा येथील घराघरांतून निरोप दिलेल्या दिव्यांची आणि वाढलेल्या बांगड्यांची जी भाषा बोलली गेली, तिला कोणी आनंदवर्धन लाभलेला नाही. ती बोलणाऱ्या आज्या अजून काही घरांत आहेत. जिल्ह्यातील वाचनालयांनी व शाळांनी त्यांच्यापाशी बसावे, आणि त्यांचे उखाणे, त्यांची संबोधने, त्यांनी टाळलेले शब्द व त्या शब्दांऐवजी योजलेले शब्द त्यांच्याच उच्चारात, गावाच्या नावानिशी उतरवून घ्यावेत, एवढी माझी विनंती आहे.