साडेपाच तास मागे

रात्रीचे नऊ. अकोले तालुक्यातल्या राजूरला पाऊस लागलेला, नेट गेलेलं. अशा वेळी लिनक्स बंद करून त्याच संगणकावर विंडोज चालू केलं, की पडद्याच्या कोपऱ्यात खुशाल दुपारचे साडेतीन वाजलेले दिसतात. घरी जोडलेल्या, दोन सिस्टिमच्या संगणकाचं हे जुनं दुखणं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो. वीज गेली तरी त्याच्या जिवावर एक घड्याळ चालू राहतं. लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ भरतं. विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लंडनकरांना हिवाळ्यात या भांडणाचा पत्ताही लागत नाही.

मॉनिटरवरून मात्र भांडण नसतं. दोन सिस्टिमपैकी एका वेळी एकच जागी असते, तेव्हा पडदा एकच पुरतो. जुना संगणकही जवळ ठेवायचा असेल तर तो व्हीजीएला, नवा एचडीएमआयला, आणि बटण दाबून आलटून पालटून बघायचं. गोंधळ होतो तो केबल लावताना. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतं, त्यात चित्र दाखवायची सोयच नसते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागतं आणि केबल त्या कार्डालाच लावावी लागते. सवयीनं मदरबोर्डला लावली तर पडदा काळा तो काळाच. लिनक्स चालवायचं असेल तर एएमडीचं कार्ड बरं, त्याचा खुला ड्रायव्हर कर्नेलमध्येच असतो.

राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. जाणता शेतकरी कातडीच्या रंगावर भाळत नाही, खूर बघतो. डांगीचे काळे, टणक खूर भातखाचरांच्या पावसाळी मुलखात टिकतात. संगणकाचा खूर म्हणजे त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस. रंगीत दिव्यांच्या पंख्यांवर पैसे उडवणारी मंडळी नेमका तोच स्वस्तातला घेतात.

सुट्या भागांची खरेदी म्हटलं की अजूनही मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवतो. पाटीवर तो कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण गिऱ्हाइकाच्या तोंडून लॅमिंग्टन जात नाही. हा लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता आणि विंडोजला चकवणारे हे साडेपाच तास लागू झाले ते त्याच्याच कारकिर्दीत, १ जानेवारी १९०६ला. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नवी प्रमाणवेळ आली आणि सूर्य होता तिथेच राहून शहराचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे सरकलं. भल्या पहाटे भोंग्याला हजर राहणाऱ्या गिरणी कामगारांना याचा अर्थ लगेच कळला. त्याच जानेवारीत काम थांबलं, गिरणीवर दगड पडले. महापालिका तर हट्टाला पेटली. सरकारी घड्याळं एक वेळ दाखवत, पालिकेची दुसरी. स्वातंत्र्य आलं तरी हा तंटा पुरता मिटला नव्हता.

मुंबईची ही खोड जुनीच. १८८१मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसननं मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि दोनेक वर्षांत बेत गुंडाळावा लागला. एकाच्या नावानं पुण्यात कॉलेज, दुसऱ्याच्या नावानं हार्ड डिस्कचा बाजार! घड्याळाशी केलेली खटपट दोघांच्याही खात्यावर कुणी मांडत नाही. राजूर मुंबईच्या किंचित पूर्वेला आहे, तरी तिथला सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सरासरी ३५ मिनिटं मागेच चालतो.

संगणकातला तंटा मात्र मिनिटभरात मिटतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून त्याला ग्रिनिच पत्करायला लावता येतं, किंवा लिनक्सला एका ओळीच्या आज्ञेनं स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. जाणकार पहिल्या वाटेची शिफारस करतात. पण उन्हाळ्यात घड्याळं पुढे ढकलायची भानगड आपल्याकडे नाही, त्यामुळे लिनक्सनं पडतं घेतलं तरी इथे काही बिघडत नाही.

घड्याळावर खरा पैसा लागलेला आहे तो याच अकोले तालुक्यात, घाटघरला. मागणी उतरलेल्या वेळी खालच्या, कोकणातल्या धरणातलं पाणी पंपांनी सह्याद्रीवर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. १२५ मेगावॉटचे दोन संच त्यावर फिरतात. चढवायला लागते तेवढी वीज उतरताना कधीच परत मिळत नाही. तरी हा व्यवहार परवडतो, कारण मध्यरात्रीच्या आणि दिवेलागणीच्या युनिटचं मोल सारखं नसतं.