अक्षरांचे ओझे

संत ऑगस्टीन मिलान शहरी राहत असताना तेथील बिशप संत अँब्रोज यांना वाचताना पाहून चकित झाले होते. बिशपमहाशयांचे डोळे पानावरून सरकत, परंतु ओठ हलत नसत! चौथ्या शतकातील ही हकीकत आज गमतीची वाटते. मनातल्या मनात वाचणे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे, की वाचन ही श्वासोच्छ्वासासारखी उपजत गोष्ट असावी अशीच आपली समजूत होऊन बसली आहे.

वस्तुस्थिती निराळी आहे. मूल बोलायला शिकते ते घरातल्यांच्या सहवासात, आपसूक. लेखनकला मात्र जेमतेम ५००० वर्षांची. एवढ्याशा काळात मानवी मेंदूत वाचनासाठी स्वतंत्र दालन तयार होणे शक्यच नव्हते. १८९२ साली जूल देजरिन या फ्रेंच वैद्यकतज्ज्ञाने एका रुग्णाची हकीकत नोंदवली. मेंदूच्या आघातानंतर तो गृहस्थ बोलत असे, लिहीतही असे. परंतु स्वतःच लिहिलेली ओळ त्याला वाचता येत नसे. इजा मेंदूच्या डाव्या भागात, मागील बाजूस झाली होती. स्तानिस्लास देहान यांच्यासारख्या आजच्या संशोधकांचे म्हणणे असे, की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच थोडा तुकडा वाचन उसना घेते आणि शिक्षणाच्या जोरावर तेथे अक्षरांचा संसार थाटते.

उसन्या घरात जुन्या खोडी असायच्याच. पेल्याचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, पेला तो पेलाच; मेंदूला ही जुनी सवय. म्हणूनच इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ यांची गल्लत सुरुवातीला बहुतेक मुले करतात. आपल्या देवनागरीच्या अडचणी वेगळ्या. ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, जीभ मात्र ‘क’ आधी उच्चारते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक तो केवढा? शिवाय ‘र’ कधी अक्षराच्या डोक्यावर बसतो, तर कधी पायाशी. बालवर्गातील शिक्षिकांना दंडवतच घालावा!

परंतु डिस्लेक्सिया म्हणजे केवळ अक्षरे उलटी दिसणे, हा समज बरोबर नाही. बहुतेक मुलांत अडचण डोळ्यांची नसून ध्वनींची असते. बोललेला शब्द सुटा करून त्यातले आवाज वेगळे ओळखणे आणि त्यांची चिन्हांशी झटपट सांगड घालणे, हे काम त्यांच्या मेंदूला जड जाते. वाचताना डाव्या भागातील जी केंद्रे इतरांत जोमाने काम करतात, ती यांच्यात मंद राहतात. हा गुण पुष्कळदा घराण्यातून येतो आणि त्याचा बुद्धीशी संबंध नसतो. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका १४ वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. मुलगा चलाख, गणितात तरबेज. पण स्वतःच्या नावातील अक्षरांचाही क्रम चुकवी. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या गुरुजींचे मत होते.

आम्ही धर्मशिक्षणाचा वर्ग घेत असताना असाच एक मुलगा आमच्याकडे होता. पेरणाऱ्याचा दाखला तो असा रंगवून सांगे, की खडकावर पडलेले बी आपल्याच डोळ्यांदेखत करपते आहे असे वाटावे. मात्र पुस्तक हाती घेऊन आळीपाळीने वाचण्याची वेळ आली, की नेमकी त्याला लघवीला लागे. शाळेने त्याच्यावर ‘लक्ष नाही’ असा शिक्का मारलेला. घरी वडील छडी घेऊन बसत.

सप्टेंबरात त्याची आई मोतमाऊलीच्या सणाला वांद्र्याला गेली. तेथे हात दुखत असेल तर मेणाचा हात वाहतात, पाय दुखत असेल तर पाय. “वाचता येत नाही, त्याला कोणता आकार घ्यायचा हो?” तिने दुकानदाराला विचारले. तो गोंधळला. शेवटी तिने मेणाचे डोके घेतले. हे तिने आम्हांला सांगितले तेव्हा काय बोलावे ते सुचेना. आम्ही इतकेच म्हणालो, “बाई, तुमचा नवस योग्यच आहे, आता डॉक्टरांकडेही चला.”

तपासणी झाली, नाव कळले. वडिलांची छडी त्या दिवसापासून दिसली नाही, असे ती सांगते. आवाज सुटे करून, एकेक अक्षर बोटाने गिरवत शिकवणाऱ्या बाईंकडे तो आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. प्रगती झाली, पण संथ. असे मूल अचूक वाचू लागले तरी वेग कमीच राहतो, हे पालकांनी आधीच जाणून घेतलेले बरे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अडचणीचा समावेश आहे, आणि शालान्त परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी दाखला लागतो. तो मिळवायला वेळ जातो, म्हणून दहावीची वाट पाहू नये.

धर्मग्रामात आपण काय करू शकतो? वर्गात सर्वांसमोर अचानक वाचायला उभे करू नये. मिस्सेतील वाचन द्यायचेच असेल, तर आठवडाभर आधी, मोठ्या अक्षरांत आणि मुलाला विचारून द्यावे. आमच्या त्या मुलाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पहिले वाचन नको, मला स्तोत्र द्या. ते गाता येतं.” फादरांनी ते त्याला दिले. आईने पंधरवडाभर रोज रात्री म्हणून दाखवले, आणि तो कागद न घेताच वाचनपीठावर गेला.