नाना उठून मेनस्विच बंद करतील

काचीगुडा, हैदराबाद
रविवार

प्रिय भाचेबाई,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यात प्रश्न एकच आहे, बाकी सगळी कैफियत. म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. तुझ्या आजोबांच्या अंत्यविधीला विद्युतदाहिनीचं दार बंद होत असताना तू माझ्या कानाशी जे पुटपुटलीस, ‘एवढी वीज एकदम? नाना उठून मेनस्विच बंद करतील’, ते मला आवडलं. हसू आलं आणि ते उपरण्यात दाबावं लागलं. थोरल्या मावशीने ते ऐकलं आणि तिथल्या तिथे तुला झापलं, तेही मला चूक वाटलं नाही. आता हे दोन्ही कसं जमतं ते सांगतो.

गेलेल्या माणसावर हसू नये असा नियम आपल्याकडे फारसा पाळला गेलेला नाही. दहाव्याला कावळा शिवेना की घाटावर काय होतं ते आठव. गुरुजी घड्याळ बघतात. थोरला मुलगा हात जोडून ‘आईचं सगळं नीट करू’ म्हणतो. कावळा ढिम्म. मग मागून कुणीतरी म्हणतं, ‘अरे, तंबाखूची पुडी ठेवा बाजूला, मग बघा.’ सगळे हसतात, गुरुजीही. आणि इथे तेलंगणात तर पिकलं पान भरल्या घरातून गळलं की तिरडीपुढे डप्पू वाजतो, पोरं बेभान नाचतात. मावशी पुण्याहून आली तेव्हा पहिल्यांदा ते पाहून घाबरली होती. तिला वाटलं वरात आहे.

पण म्हणून वाटेल तो विनोद चालतो असं नाही. माझी एक साधी कसोटी आहे. विनोदातलं नाव काढून तिथे दुसऱ्या मेलेल्या माणसाचं नाव घाल. विनोद तसाच चालला, तर तो त्या माणसाचा नव्हताच. त्याला फक्त एक प्रेत हवं होतं. १९८६च्या जानेवारीत अमेरिकेचं चॅलेंजर यान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं, आतले सातही जण गेले. काही दिवसांत देशभर त्यावरचे विनोद फिरायला लागले. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ते गोळा केले, तेव्हा त्यातले कित्येक आधीच्या कुठल्यातरी मृत्यूवरचे निघाले, नुसती नावं बदललेली. सात माणसं, त्यात एक शाळामास्तरीण, आणि त्यांच्या वाट्याला आलेले विनोदसुद्धा वापरलेले. हे मला क्रूरपणापेक्षा आळशीपणाचं जास्त वाटतं.

याच्या उलट टोकाला आपल्या हैदराबादचे मुज्तबा हुसेन. उर्दूतले फार मोठे विनोदकार, जन्म गुलबर्ग्याकडचा. त्यांचं विनोदी लिखाण सुरूच झालं एका मृत्यूमुळे: १९६२मध्ये ‘सियासत’ या उर्दू दैनिकाचे विनोदी स्तंभलेखक वारले आणि रोजची जागा भरायची म्हणून यांना बसवलं. मित्रांवर त्यांनी शब्दचित्रं लिहिली, त्यांतले कितीतरी मित्र तोवर गेलेले होते. पुढे ‘अपनी याद में’ म्हणून स्वतःचाच मृत्युलेख लिहून ठेवला, आपण कसे होतो, काय काय जमलं नाही, वगैरे. २०२०च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, ते खरोखर गेले. तो लेख काढून तिथे दुसऱ्या कुणाला बसवून बघ. बसायचं नाही.

आपल्याकडे सतीश आळेकरांनी १९७४ साली ‘महानिर्वाण’ आणलं. मेलेले भाऊराव स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतात आणि हट्ट धरतात, जाळायचं तर जुन्याच स्मशानात. ते तर बंद झालेलं. नाटक पाहून आलं की लक्षात येतं, हसलो ते भाऊरावांना नव्हे. हसलो शेजाऱ्यापाजाऱ्यांना, त्यांच्या ठरावीक हळहळीला. घरात मर्तिक झालं की जी बोलणी आपोआप तोंडातून बाहेर पडतात, ती इतकी हास्यास्पद असतात हे आळेकरांनी ऐकलं, आपण तोवर नुसती बोलत होतो. नानांच्या वेळी ‘सुटले बिचारे’ किती जणांनी म्हटलं ते तूही ऐकलंस. नानांना सुटायचं होतं असं मला कधी दिसलं नाही.

काही मरणांपाशी मात्र माझी कसोटी पुरत नाही. ऑगस्ट १९४८मध्ये ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्ला खान याला रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, रात्री घरी परतताना मारलं. आपल्या या काचीगुड्यातच. निजामाच्या संस्थानाने भारतात यावं असं तो लिहीत होता. मारेकऱ्यांनी त्याचा हातही तोडला. त्या मरणावर कुणी कितीही चपखल बोललं तरी त्यामागे मारेकऱ्यांचंच हसू ऐकू येईल.

आणि आता तुला ठाऊक नसलेली गोष्ट. त्याच रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. नाना लातूरचे, तेव्हा शाळेत जाणारा पोरगा. घर सोडून रात्री पळावं लागलं होतं, एवढंच ते सांगत. रझवी १९५७पर्यंत तुरुंगात होता, सुटला तो पाकिस्तानात जाण्याच्या अटीवर, आणि १९७०च्या जानेवारीत कराचीत मेला. आई सांगायची, बातमी वाचून नाना म्हणाले, ‘वकीलसाहेब वरच्या कोर्टात गेले. तिथे तारीख मिळत नाही.’ घरात हशा पिकला. फक्त नानांची आत्या हसली नाही. पळताना तिचं तान्हं वाटेत गेलं होतं. ती उठून आत गेली, आणि नानांनी तो विनोद पुन्हा कधी केला नाही, निदान तिच्या हयातीत.

विनोद नानांचा हक्काचा होता. रामाने रावणाच्या मरणानंतर वैर संपलं म्हटलं, पण तो राम होता. लातूरहून रात्री पळालेल्या पोराला एवढी सूट द्यायला हवी. तरीही आत्याचं उठून जाणं त्या विनोदापेक्षा वजनदार होतं, आणि हे नानांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून तुला मावशीचं सांगतो. तिचा राग ‘मृत्यूची थट्टा’ वगैरेबद्दल नाही, तसं ती म्हणत असली तरी. तुझा विनोद ज्या नानांचा आहे, ते पेन्शनीतले नाना. पंखा बंद कर, गीझर बंद कर, मीटरचे आकडे वहीत. ते तू पाहिले, मी पाहिले. मावशी त्याच्या कितीतरी आधी लग्न होऊन पुण्याला गेली. तिचे नाना बिलाकडे बघतसुद्धा नसत. तिच्या अभ्यासासाठी रात्रभर दिवा जळायचा आणि हेही तिच्यासोबत जागे राहायचे. तुझा विनोद माझ्या कसोटीला उतरला, पण तिच्या नानांवर तो खोटा पडला. दारापाशी उभं राहून तिने ऐकलं ते असं, की बापाची शेवटची ओळख कंजूष म्हणून झाली.

तेव्हा तिला फोन कर. विनोदाबद्दल क्षमा मागू नकोस, तिला ते खोटं वाटेल आणि तुलाही. तिचे नाना कसे होते ते विचार. ती तासभर बोलेल, मधे बोलू नकोस. बिलाच्या वह्या माझ्याकडे आहेत, १९९४पासूनच्या. त्या तिला इतक्यात दाखवायच्या नाहीत.

तुझा
मामा